मोजणीबाहेरचे वार्धक्य

साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत, असा अंदाज ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश म्हणजे वयोमानानुसार येणारा विसराळूपणा नव्हे. मेंदूतील बिघाडामुळे स्मरण, भाषा, दिशाभान आणि निर्णयशक्ती यांचा असा ऱ्हास होतो, की रोजचे साधे व्यवहारही माणसाला स्वतःचे स्वतः करता येईनासे होतात. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. या पाहणीतील एकूण आकड्यापेक्षा त्याची वाटणी अधिक बोलकी आहे, कारण शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत हे प्रमाण जास्त आढळले. आणि नेमके खेड्यांतील व निरक्षर लोकच या विकारावरील जागतिक संशोधनात फार कमी दिसतात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने आपले नावच ‘१०/६६’ असे ठेवले होते, ते याच विषमतेवर बोट ठेवण्यासाठी: जगातील ६६ टक्के रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारित संशोधनापैकी १० टक्केही तेथे होत नाही.

ही विषमता रुग्ण मोजण्याच्या साधनापासूनच सुरू होते. जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीत शंभरातून सात-सात वजा करत जायचे असते, एक वाक्य लिहायचे असते, कागदावरची लेखी सूचना वाचून डोळे मिटायचे असतात आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायचे असतात. ज्या बाईने आयुष्यात कधी पेन्सिल हाती धरली नाही, तिचे यातले गुण शाळा न मिळाल्याने गेले की आजाराने, हे ही चाचणी सांगू शकत नाही. हरियाणातील बल्लभगड परिसरात काम करणाऱ्या भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी १९९० च्या दशकात ही अडचण ओळखून चाचणीच नव्याने घडवली. वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणणे आले, लेखी सूचनेऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ असे म्हणून डोळे मिटून दाखवणे आले, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगणे आले. ज्या घरात सूनबाई सासऱ्यांचे ताट वाढते, औषध हातात देते आणि पैशाचा हिशेबही ठेवते, तेथे ‘स्वतःची कामे स्वतः करता का’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. म्हणून होळी-दिवाळी लक्षात राहते का, लग्नासारख्या घरच्या महत्त्वाच्या बाबींत ते मत देतात का, असे प्रश्न कुटुंबीयांना विचारण्यात आले. ज्यांच्यावर संशोधन करायचे त्यांचे जगणे आधी समजून घेणे म्हणजे काय, याचा याहून स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल.

येथे एक गुंतागुंत मात्र मान्य करायला हवी. बालपणी शिक्षण न मिळणे हा स्मृतिभ्रंशाचा एक खरा जोखीमघटक आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे जे चौदा घटक नोंदवले, त्यांत तो आहे. त्यामुळे निरक्षरांतील वाढीव प्रमाणाचा काही भाग वास्तव असणार आणि काही भाग चुकीच्या मोजमापाचा असू शकतो. योग्य साधन हाती असल्याखेरीज हे दोन्ही वेगळे करता येणार नाहीत.

वंचित समूहांना संशोधनात घेणे हा काही दयाधर्म नव्हे, हे हैदराबादने दाखवून दिले. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये असा निष्कर्ष मांडला, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि हा फरक निरक्षरांतही टिकून होता. बहुभाषकतेचा लाभ हा वस्तुतः शिक्षणाचाच लाभ आहे की काय, ही शंका जेथे जवळजवळ प्रत्येक जण शाळेत गेलेला असतो त्या समाजात फेडता येणे कठीण होते; ती बाजारात तेलुगू आणि घरात दखनी बोलणाऱ्या शहराने फेडली. याउलट, अल्झायमरवरील लेकानेमॅब या बहुचर्चित औषधाच्या निर्णायक चाचणीत १,७९५ जण सहभागी झाले आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक श्वेतवर्णी होते. मेंदूला सूज येणे किंवा त्यात रक्तस्राव होणे हा या औषधाचा ज्ञात धोका असून तो काही विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांत वाढतो. ही ठेवण सर्व लोकसमूहांत सारख्या प्रमाणात आढळत नाही.

तरीही केवळ आमंत्रण दिल्याने लोक येत नाहीत. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की लोकांना या विकाराची लक्षणे परिचयाची होती, पण त्याला ते आजार मानत नव्हते. मुलांनी हेळसांड केल्यानेच म्हाताऱ्यांचे असे होते, असा समज होता. जेथे निदान म्हणजे घरावर ठपका, तेथे दारावर आलेल्या संशोधकाला कोण खरे सांगेल? ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवणे त्यापेक्षा सोयीचे. याच गोव्यात अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे वेगळी वाट धरली: थोडक्या प्रशिक्षणानंतर स्थानिक सल्लागार ८१ कुटुंबांपैकी निम्म्या घरी सहा महिने नियमित जात राहिले, आजाराची माहिती आणि सांभाळ करणाऱ्याला धीर देत राहिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सांभाळ करणाऱ्यांचा मानसिक ताण त्याने कमी झाला. ज्या कुटुंबांनी माहिती दिली त्यांना संशोधनातून काही परत मिळाले, ही यातली कळीची बाब. रक्ताचा नमुना आणि अंगठा घेऊन निघून जाणाऱ्या पाहण्यांना ती उमगलेली नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहण्याचे कारण नाही, कारण ‘लासी’ या मूळ पाहणीची प्रमुख संस्था मुंबईत देवनारलाच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बोधक्षमतेच्या चाचण्यांचा जो संच विकसित केला, त्याच्या पहिल्या पाच भाषांत मात्र हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या, मराठी नव्हती. गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या वृद्धाची परीक्षा प्रमाण मराठीतून घेणे हाही पुन्हा त्याच पंचकोनाचा खेळ होईल. राज्याच्या आरोग्य विद्यापीठाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी या भाषांतील प्रश्न त्या-त्या गावांत बसून तयार करावेत, आशा कार्यकर्त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, तपासणीसाठी बुडणारा रोज भरून द्यावा आणि निष्कर्ष गावाला त्याच्या बोलीत सांगितल्याशिवाय अभ्यास पूर्ण झाला असे मानू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या कृतियोजनेत २०२५ पर्यंत तीन-चतुर्थांश सदस्य देशांनी स्मृतिभ्रंशाचे राष्ट्रीय धोरण आखावे असे उद्दिष्ट होते. ती मुदत संपली, आणि भारताकडे असे स्वतंत्र धोरण अद्याप नाही.