ड्रायरची वायर ओढू नका



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या वहिनींनी हप्त्यावर घेतलेल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर फिरेनासा झाला. मेकॅनिकचे पैसे वाचावेत म्हणून थोरल्या मुलाने मागचा पत्रा उघडला, वायरी ओढून काढल्या, नवा कंडेन्सर बसवला आणि वायरी पुन्हा जोडल्या. ड्रायर फिरला. घरात सगळे खूश! दुसऱ्या दिवशी ओल्या मोरीत उभ्या राहून वहिनींनी मशीनला हात लावला आणि त्या मागे फेकल्या गेल्या. पायांत रबरी चप्पल होती म्हणून निभावले.

पाहिले तर हिरवी वायर, म्हणजे अर्थिंग, जोडायची राहून गेली होती. ओढाताणीत एका थिंबलची प्लॅस्टिकची टोपी निघाली होती आणि ते उघडे थिंबल पत्र्याला टेकले होते.

मुलगा हुशार, हेतूही चांगला. चुकली ती वायर सोडवण्याची रीत. मी कारकून माणूस, वायरमन नव्हे. पण त्या संध्याकाळी वस्तीतल्या एका जुन्या वायरमनकाकांकडून सर्व समजून घेतले. तेच येथे देतो.

पहिली गोष्ट, नुसते बटण बंद करून भागत नाही. पिनच बोर्डातून उपसून काढा. पुष्कळ घरांत वायरिंग उलटे झालेले असते. बटण न्यूट्रलवर असेल तर ते बंद करूनही फेज मशीनपर्यंत जिवंत राहतो.

दुसरी गोष्ट कंडेन्सरची. एरवी मोटार थांबल्यावर त्यातली वीज मोटारीच्या वाइंडिंगमधून उतरून जाते. पण आतली वायर तुटली असेल, तर पिन काढल्यावरही ती कंडेन्सरमध्ये साठून राहते. त्याच्या दोन्ही टोकांना होल्डरमधल्या जुन्या तारेच्या बल्बच्या दोन वायरी काही सेकंद टेकवा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढणे धोक्याचे आहे.

तिसरी, वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदाची चिकटपट्टी लावून नंबर टाका. आठवणीवर विसंबू नका.

आता मुख्य काम. वायरीला धरून कधीही ओढू नये. थिंबल नोज प्लायरने धरावे, हलकेच डावी-उजवीकडे हलवावे आणि सरळ बाहेर काढावे. काही थिंबलांना मध्ये बारीक जीभ असते, ती दाबल्याशिवाय निघत नाही. अनेक वायरींचा प्लॅस्टिकचा कनेक्टर असेल, तर त्याची खिटी दाबून दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक धरून वेगळे करावे. वायर ओढली की आतल्या तारा तुटतात. वरून काहीच दिसत नाही. पुढे तो जोड सैल राहतो, तापतो आणि शेवटी प्लॅस्टिक वितळते. काळे पडलेले किंवा ढिले थिंबल दाबून परत वापरू नका, नवे बसवून घ्या. वायरी पिळून टेप गुंडाळणे ओलाव्याच्या जागी मुळीच चालणार नाही.

जोडताना थिंबल शेवटपर्यंत घट्ट बसवा आणि हलका झटका देऊन पाहा. टोपी सरकवा. हिरवी वायर जागेवर आहे ना, हे पत्रा लावण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाकडूनही तपासून घ्या.

आणखी एक. झाकण उघडले की ड्रायर थांबवणारा स्विच बिघडला, तर काही जण तो ‘डायरेक्ट’ करून देतात. तसे करू देऊ नका. फिरत्या टबात लेकराचा हात गेला तर काय होईल, याचा विचार करा.

शंका असेल तर जाणकार वायरमनलाच बोलवा आणि तो काम करीत असताना मुला-मुलींना शेजारी बसवा. मोरीच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्या. वहिनींच्या घरी तो आता बसला आहे आणि त्यांचा मुलगा हल्ली पिन काढल्याशिवाय मिक्सरलासुद्धा हात लावत नाही.