सम्प थोडा रिकामाच बरा!

घरी रीफ टँक करायचा म्हटलं की सगळा पैसा जातो मासे आणि दिव्यांवर. खालच्या सम्पकडे बघतो कोण? मीही नाही बघितलं. सुट्टीत घरी एकदा लाइट गेली, पंप थांबला, रिटर्न पाइपमधून वरचं पाणी सायफनने खाली आलं आणि सम्प भरून हॉलभर खारं पाणी! आई काय बोलली ते इथे छापता येणार नाही.

गणित सोपं होतं. १२० × ४५ सेंमी टँकमधलं २.५ सेंमी पाणी म्हणजे साडेतेरा लिटर. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच, आणि रिटर्न पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीलगत. रेफ्युजियममध्ये शेवाळ जरूर वाढवा, ते नायट्रेट-फॉस्फेट खातं. पण आधी पंप बंद करून बघा!

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला फर्स्ट क्लास होता. सायफन मात्र कळला फरशी पुसताना.