शाळेचे पुस्तकांचे कपाट
पालकहो, शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तके निवडताना परीक्षणे जरूर वाचावीत. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यालाही पुरस्कार देते; ती यादी पाहावी. परंतु परीक्षण लिहितात मोठी माणसे आणि पुस्तक वाचायचे असते मुलांना! तेव्हा नावाजलेल्या पुस्तकाची प्रथम एकच प्रत घेऊन दोनचार मुलांना द्यावी. मधल्या सुट्टीत तिच्यासाठी भांडणे झाली, तर खुशाल आणखी प्रती मागवाव्यात. ‘संस्कारक्षम’ पुस्तकांशेजारी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही असू द्यावा. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगताना पहिला मान पुस्तकांच्या वापराला दिला. ज्याच्या घरी क्रमिक पुस्तकांखेरीज पुस्तकच नाही, त्या मुलाला शाळेचे कपाट हाच आधार. त्याला कुलूप नको!