स्वस्त जीन्स आणि वालधुनीचा हिशेब

डोंबिवली स्थानकाबाहेरच्या पदपथावर चारपाचशे रुपयांत जीन्सची विजार मिळते. ठाण्याच्या मॉलमध्ये तशीच विजार विदेशी नाममुद्रा धारण करून कितीतरी अधिक भावाने विकली जाते. दोन्ही किमतींत एक खर्च धरलेलाच नसतो. तो म्हणजे ती विजार घासून, धुऊन, फिकी करताना नासलेल्या पाण्याचा. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य खर्च’ असे मोठे सोज्ज्वळ नाव आहे. परंतु खर्च हिशेबाबाहेर गेला म्हणजे नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडतो. ठाणे जिल्ह्यात हे दार वालधुनी नदीच्या काठी आहे.

अंबरनाथचे १०६० सालच्या शिलालेखाचे शिवमंदिर याच नदीच्या काठी उभे आहे. पुढे ती उल्हासनगरमधून वाहत कल्याणकडे जाते. फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव लाभले. हाती काही नसताना या माणसांनी उद्योग उभे केले, हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. जीन्सची शिलाई व धुलाई हा त्यांतलाच एक धंदा. निळीने रंगवलेले जाड कापड आधी शिवायचे, मग त्याचा रंग काढून ते मुद्दाम जीर्ण करायचे. त्यासाठी सच्छिद्र दगडांबरोबर ते यंत्रात घुसळायचे, त्यावर पोटॅशियम परमँगनेट फवारायचे. राबणाऱ्याची विजार झिजून फाटते ती गरिबीपोटी. तीच झीज कारखान्यात पैदा करून फॅशन म्हणून विकली जाते. एका जीन्समागे सुमारे साडेसात हजार लिटर पाणी लागते, असा संयुक्त राष्ट्रसंघाचा अंदाज आहे. त्यातील बहुतेक पाणी कापसाच्या शेतात मुरते. जे धुलाईत वापरले जाते ते रंग आणि रसायने घेऊन गटारात उतरते.

२०१३ साली ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनी नद्यांचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडले. २०१४ च्या अखेरीस टँकरमधून वालधुनीत ओतलेल्या रसायनांचा वायू उल्हासनगरात पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले. तो अपराध जीन्सवाल्यांचा नव्हता. परंतु नदी म्हणजे फुकटची मोरी, ही समजूत किती सर्वव्यापी झाली आहे हे त्यातून दिसले. २०१५ मध्ये लवादाने परिसरातील नगरपालिका, महापालिका व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर कोट्यवधींचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ च्या सुमारास उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांना टाळी लागली.

नदीला न्याय मिळाला, असे कोणी म्हणेल तर ते अर्धसत्य ठरेल. कारखान्यांत राबणारे, बहुतांशी उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेले मजूर रातोरात बेकार झाले. घरी बसून नगावर मजुरीने धागे कापणाऱ्या स्त्रियांचे काम आटले; त्यांची नोंद कोठेच नसल्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्नच उद्भवला नाही. आणि धुलाई? ती कल्याण-अंबरनाथच्या ग्रामीण भागात सरकली. जीन्सचा बाजार मात्र एक दिवसही ओस पडला नाही. शिक्षा झाली ती साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीला. रंगछटा कोणती, माल किती दिवसांत हवा आणि नगाला किती पैसे द्यायचे हे ठरवणारा घाऊक व्यापारी व त्याच्यामागची नाममुद्रा आरोपीच्या पिंजऱ्यात कधी आलीच नाही.

हे योगायोगाने घडलेले नाही. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तेव्हा गिरणी मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांकडे काम वळवून संप निष्प्रभ केला. जेथे संघटना नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, तेथे माल स्वस्त पडतो, हा धडा भांडवलाने तेव्हाच पक्का केला. द्रुतगती फॅशन हे त्याच धड्याचे जागतिक रूप आहे. २००० ते २०१४ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन दुपटीच्या घरात गेले. माणसांची अंगे काही दुप्पट झाली नाहीत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक कामगार चिरडले गेले, तेव्हा अनेक नामांकित कंपन्यांनी ‘तो कारखाना आमचा नव्हे’ हाच बचाव पुढे केला. आज त्याच भिवंडीच्या विस्तीर्ण गोदामांतून तयार कपड्यांचे खोके घरोघरी जातात. माल ज्याचा, जबाबदारी त्याची नव्हे, ही या व्यवस्थेची किल्ली आहे.

यावर दोन युक्तिवाद हमखास केले जातात. पहिला असा की, स्वस्त कपडा ही गरिबाची सोय आहे. ती आहेच, पदपथावर जीन्स घेणाऱ्या मुलीला दोष देणे हा सुखवस्तूंचा उपदेश झाला. परंतु तिच्या अंगावरचा कपडा स्वस्त ठेवण्यासाठी तिच्याच वस्तीतले पाणी महाग केले जात असेल, तर ती सोय नव्हे, फसवणूक आहे. दुसरा युक्तिवाद असा की, पर्यावरणाचा आग्रह रोजगार बुडवतो. याला तिरुपूरचा दाखला पुरेसा आहे. तेथील रंगाई कारखाने २०११ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. त्यानंतर तामिळनाडू सरकारने सामायिक शुद्धीकरण केंद्रांना बिनव्याजी कर्ज दिले, तेच पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभी राहिली आणि धंदा टिकला. उल्हासनगरच्या वाट्याला आले ते केवळ टाळे. नदी की नोकरी हा पेच निसर्गाने घातलेला नाही. शासनाच्या हयगयीने तो घातला आहे.

म्हणूनच समाजवाद्यांची मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे. धुलाई गावोगाव विखुरण्याऐवजी एका जागी आणावी आणि तेथे सामायिक शुद्धीकरण केंद्र सरकारने उभारावे. त्याचा खर्च मात्र घाऊक खरेदीदार व मोठ्या कंपन्यांवर उपकर बसवून वसूल करावा. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच वेल्लोरच्या चर्मोद्योगाच्या खटल्यात मान्य केले आहे. ज्याच्या मागणीपायी प्रदूषण होते, त्याच्यापर्यंत ते पोहोचवले पाहिजे. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांच्या वर्तनावर लक्ष ठेवणे बंधनकारक केले. जे पॅरिसला शक्य आहे ते मुंबईला अशक्य का असावे? आणि कारखान्यातल्या मजुरापासून धागे कापणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाची नोंद व्हावी. कारखाना बंद झालाच तर पहिली भरपाई त्यांना मिळावी.

कामगार चळवळीने नदीचा प्रश्न पर्यावरणवाद्यांवर सोपवला आणि पर्यावरणवाद्यांनी मजुरीचा प्रश्न कामगार चळवळीवर. या श्रमविभागणीचा लाभ एकट्या व्यापाऱ्याने उठवला. वालधुनीच्या काठी राहणारा आणि त्या काठच्या कारखान्यात राबणारा हा एकच माणूस आहे. त्याच्या वतीने दोघांनी मिळून हिशेब मागितला, तरच तो योग्य दाराशी पोहोचेल.