संस्थापक गेल्यावर कंपनीचं काय होतं? अमळनेरच्या विप्रोची दोन वळणं

वडनेर भोलजीहून हायवेने मलकापूर, भुसावळ, जळगाव करत पश्चिमेकडे निघालं की दीडएकशे किलोमीटरवर अमळनेर लागतं. आपल्या भागातल्या पोरांना हे गाव माहीत आहे ते साने गुरुजींमुळे, किंवा 2024 च्या फेब्रुवारीत तिथे भरलेल्या 97 व्या मराठी साहित्य संमेलनामुळे. विप्रो म्हटलं की मात्र सगळ्यांना बेंगळुरू आठवतं. इंजिनिअरिंग करून पुण्यात मुलाखती देणाऱ्या आमच्या एका भाच्याला आम्ही सांगितलं की ही कंपनी अमळनेरची, तेल आणि साबणाची, तेव्हा त्याला आम्ही थट्टा करतोय असंच वाटलं.

थट्टा नाही. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली, आणि तिचा कारखाना अमळनेरला होता. खानदेशात शेंगदाणा मुबलक, रेल्वे दारात. ‘सनफ्लॉवर’ नावाचं वनस्पती तूप आणि ‘787’ नावाचा धुण्याचा साबण, हा माल. घराणं तांदळाच्या व्यापारात नावाजलेलं. फाळणीच्या वेळी जिनांनी त्यांना पाकिस्तानात बोलावलं होतं आणि त्यांनी नकार दिला, असं सांगितलं जातं. डिसेंबर 2025 मध्ये या कंपनीला 80 वर्षं पूर्ण झाली. या 80 वर्षांत तिने दोनदा धनी बदलला. एकदा अचानक, एकदा ठरवून. आम्हाला या दोन्ही वळणांविषयी बोलायचं आहे, कारण त्यांचा संबंध फक्त शेअर बाजाराशी नाही, आपल्या बाजारपेठेतल्या प्रत्येक गल्ल्याशी आहे.

पहिलं वळण 1966 चं. ऑगस्ट महिन्यात हाशम प्रेमजींचा इंतेकाल झाला. मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता. वय 21. आई गुलबानू, पेशाने डॉक्टर, मुंबईत अपंग मुलांच्या रुग्णालयासाठी झटणाऱ्या. त्यांचा फोन गेला आणि पोरगा शिक्षण अर्धवट टाकून परत आला. ती पदवी त्याने पूर्ण केली ती तब्बल तीन दशकांनंतर.

त्यानंतरचा एक प्रसंग प्रेमजींनी स्वतःच अनेकदा सांगितला आहे. कंपनीच्या वार्षिक सभेत एक भागधारक उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की हे तुझ्याच्याने व्हायचं नाही, तुझा हिस्सा एखाद्या जाणत्या माणसाला विकून टाक. आपल्याकडे वडील गेल्यावर जनाज्याला आलेले लोक आठवड्याभरात दुकान विकत घ्यायची भाषा करतात, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे तो सभागृहात, तोंडावर झाला.

आमचं म्हणणं असं, की त्या भागधारकाचं निदान चुकीचं नव्हतं. पोराला खरंच काही येत नव्हतं. शेंग दाताखाली फोडून, बोटाने चिमटून तेलाचा अंदाज बांधणारे जाणकार नांदुरा-मलकापूरच्या बाजारातही होते. ती नजर वीस-तीस वर्षांनी येते. अझीम प्रेमजींना ती नव्हती आणि येईपर्यंत थांबायला वेळही नव्हता. मग माणसाच्या नजरेऐवजी दुसरं काहीतरी उभं करावं लागलं. मोजमाप, हिशेबाची शिस्त आणि आपल्याहून जास्त जाणणारी पगारी माणसं. व्यवस्थापनाची पुस्तकं वाचत वाचत ते कारभार शिकले. नात्यागोत्याबाहेरची शिकलेली पोरं त्यांनी नोकरीवर घेतली. वडिलांचं सगळं डोक्यात होतं. मुलाकडे डोक्यात काही नसल्यामुळे सगळं कागदावर यायला लागलं. कंपनी तिथे बदलली.

संगणक वगैरे नंतर आलं, आणि बरंच नंतर. आपल्याकडच्या प्रेरणादायी व्हिडिओंत वाटतं की वडील गेले, पोरगा आला आणि लगेच सॉफ्टवेअर सुरू झालं. तसं नाही. आधी आठ-नऊ वर्षं तेल, तूप, साबणच. 1970 च्या दशकाच्या मध्यावर हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला घेतले, म्हणजे ट्रकच्या किंवा जेसीबीच्या दांड्याला उचलणारं यंत्र. 1977 मध्ये नाव बदलून ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झालं. त्याच सुमारास जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय भांडवलाच्या नियमांवरून आयबीएम आणि कोका-कोला या दोन कंपन्या देशाबाहेर पडल्या. कोका-कोलाच्या जागी थंड पेयं काढायला बरेच जण धावले. आयबीएमची मोकळी झालेली जागा मात्र थोड्यांनाच दिसली. तुपाचा कारखाना चालवणाऱ्याला ती दिसली. 1980 नंतर विप्रोने मिनीकॉम्प्युटर बाजारात आणला. 1982 मध्ये नावातलं ‘प्रॉडक्ट्स’ही गळालं आणि नुसती ‘विप्रो’ उरली.

इथे एक गोष्ट नीट बघावी. तूप बंद करून संगणक काढला नाही. वडिलांचा धंदा चालू ठेवला, त्यातून पैसा येत राहिला, आणि तो पैसा नव्या कामात गेला. संतूर साबण तर 1985 चा, म्हणजे संगणकाच्या नंतरचा. वडिलांची वस्तू त्यांनी टाकली नाही आणि डोक्यावर घेऊन मिरवलीही नाही.

योगायोग असा की त्याच 1966 च्या डिसेंबरात अमेरिकेत वॉल्ट डिस्ने वारले. त्यांच्या कंपनीत मग वर्षानुवर्षं एकच प्रश्न चालला: वॉल्ट असते तर काय केलं असतं? कंपनी बुडाली नाही, पण बराच काळ मरगळली. अॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांना हे उदाहरण ठाऊक होतं. टिम कुक यांच्या हाती कारभार देताना त्यांनी बजावलं होतं, की मी काय केलं असतं हे विचारत बसू नका, जे योग्य ते करा. ही गोष्ट कुक यांनीच पुढे सांगितली. 5 ऑक्टोबर 2011 ला जॉब्स गेले. वर्षभरात अॅपलचे नकाशे फसले, कुक यांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली आणि त्या कामाच्या प्रमुखाला जावं लागलं. जॉब्स असते तर माफी मागितली असती का, कोण जाणे. कुक हे वस्तूचं स्वप्न बघणारे नव्हेत, पुरवठ्याची साखळी बसवणारे गृहस्थ. 2018 मध्ये अॅपल एक लाख कोटी डॉलरच्या किमतीची कंपनी झाली. आयफोनसारखी जग हलवणारी दुसरी वस्तू मात्र त्यानंतर आली नाही, आणि मोटार बनवायचा बेत 2024 मध्ये गुंडाळला. कंपनी वाढली आणि वेगळी झाली, दोन्ही खरं.

आपल्याच देशातली ‘सिप्ला’ घ्या. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये मुंबईत काढलेली औषधांची कंपनी. 1972 मध्ये ते गेले, पण मुलगा युसुफ हमीद केंब्रिजमधून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन 1960 पासूनच कंपनीत राबत होता. त्यामुळे तिथे धक्का बसला नाही. 2001 मध्ये याच मुलाने एड्सची औषधं दिवसाला एका डॉलरहूनही कमी खर्चात देण्याची तयारी दाखवून बड्या परदेशी कंपन्यांना घाम फोडला. तयारी असलेला वारस मिळाला की असंही होतं. पण दर घरात युसुफ हमीद नसतात.

आता विप्रोचं दुसरं वळण. जुलै 2019 च्या अखेरीस अझीम प्रेमजी वयाच्या 74 व्या वर्षी अध्यक्षपदावरून उतरले आणि मोठे चिरंजीव रिशद प्रेमजी त्या जागी आले. इथे काहीच अचानक नव्हतं. रिशद हार्वर्डला शिकलेले, बाहेरच्या मोठ्या कंपन्यांत काम केलेले, 2007 पासून विप्रोतच. त्याच वर्षी मार्चपर्यंत प्रेमजींनी कंपनीतल्या मालकीच्या 67 टक्के भागाचं उत्पन्न आपल्या धर्मादाय संस्थेच्या नावे करून टाकलेलं. हा भाग धरून संस्थेला दिलेल्या एकूण संपत्तीची किंमत तेव्हा सुमारे 1 लाख 45 हजार कोटी रुपये. एवढी नेटकी वाटणी आणि एवढा सावकाश निरोप देशात फार कमी उद्योगपतींनी घेतला असेल.

आणि तरीही कंपनी अडखळली. अबिदअली नीमूचवाला 2020 मध्ये मुदतीआधी गेले. पॅरिसहून कारभार पाहणारे थिएरी डेलापोर्ट आले. 2021 मध्ये ‘कॅपको’ ही कंपनी 145 कोटी डॉलरला घेतली गेली, विप्रोची तोवरची सर्वात मोठी खरेदी. एप्रिल 2024 मध्ये तेही मुदतीआधी गेले आणि विप्रोतच तीसेक वर्षं काढलेले श्रीनिवास पल्लिया आले. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांत कंपनीचा महसूल आधीच्या वर्षापेक्षा थोडा घटून 89-90 हजार कोटींच्या घरात राहिला, तर एचसीएल लाखाच्या पुढे गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा लाखांच्या पगाराची आशा लावून बसलेल्या नव्या पोरांना साडेतीन लाखांवर या, असं सांगण्यात आलं. ही बातमी ज्या घरांनी कर्ज काढून पोराला इंजिनिअर केलं त्यांनी कशी ऐकली असेल, ते आम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं रिशद यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. एचसीएलने विप्रोला मागे टाकलं ते 2018 मध्येच, प्रेमजी अध्यक्ष असताना. अशोक सूटा 1999 मध्ये आणि विवेक पॉल 2005 मध्ये बाहेर पडले. 2008 ते 2011 या काळात दोन-दोन मुख्याधिकारी एकाच वेळी नेमण्याचा प्रयोग झाला आणि मोडला. म्हणजे दुखणं जुनंच आहे. आमच्या मते ते असं: 1966 मध्ये सगळ्यांना दिसत होतं की धनी गेला, म्हणून प्रत्येक गोष्ट नव्याने तपासली गेली. 2019 मध्ये धनी गेलेलेच नव्हते. ते संस्थापक अध्यक्ष म्हणून संचालक मंडळावर राहिले. बाहेरून आणलेल्या मुख्याधिकाऱ्याला मग एका बाजूला घराणं, दुसऱ्या बाजूला संस्थापकाची सावली, आणि तिसरीकडे तिमाहीचा निकाल. मोठ्या माणसाचा आदर असलेल्या घरात ‘हे आता बंद करू या’ असं कोण म्हणणार? यात कुणाची नियत वाईट असायची गरज नाही. सासू कितीही भली असली तरी ती चुलीपाशी बसलेली असेपर्यंत सून मसाला बदलत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या सगळ्याच कंपन्यांचं माणसांच्या संख्येवर चालणारं गणित हललं आहे. 1977 मध्ये जशी आयबीएमची रिकामी जागा दिसली, तशी आताची जागा कुणाला दिसते यावर पुढचं ठरेल. आणि ती दिसली तरी तिकडे पैसा वळवायचा हुकूम एकाच माणसाला देता येतो का, हाही प्रश्न आहेच.

हे एवढं लिहिण्याचं कारण मात्र बेंगळुरूत नाही. प्रेमजी नाव आलं की आपल्याकडे ‘अपना आदमी’ म्हणून फोटो फॉरवर्ड होतात. त्यांनी स्वतः ते नाव कधी तसं वापरलं नाही. अभिमान बाळगायला हरकत नाही, पण वडील गेल्यावर त्यांनी काय केलं हे कुणी फॉरवर्ड करत नाही. आपल्या गॅरेजा, जिनिंग, ट्रान्सपोर्ट, धान्याची आडत, अगदी शिक्षण संस्थासुद्धा एकेका माणसाच्या डोक्यात चालतात. कुणाची उधारी किती, कुठला व्यापारी शब्दाचा पक्का, जागेचे कागद कुठल्या पेटीत, सगळं त्या एकालाच ठाऊक. तो गेला की चाळिसावा व्हायच्या आत निम्मी उधारी बुडते.

मग वाटणी. मिरासचे हिस्से ठरलेले आहेत, बहिणीचाही त्यात आहे, हे सगळे जाणतात. पण हिस्से पाडायचे म्हणजे दुकानाचं शटर मधोमध कापायचं, असं आपण धरून चालतो, आणि मग ‘दुकान तुटेल’ म्हणून बहिणीचा हिस्सा आधी गायब होतो. अमळनेरच्या लोकांकडे बघा. 100 रुपयांचा एकेक शेअर घेतलेल्या तिथल्या कित्येक घरांत तो पिढ्यान् पिढ्या वाटला गेला, बोनस शेअर मिळत वाढत गेला, काही घरं त्यावर कोट्यधीश झाली. कारखान्याची एक वीट कुणी काढून नेली नाही. मालकी वाटता येते आणि कारभार एका हाती ठेवता येतो. त्यासाठी लहान धंद्यालाही भागीदारीचा लेखी करार पुरतो, वकिलाची फी परवडण्यासारखी असते.

आमच्या ओळखीतल्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या एका दुकानात दोन वर्षांपूर्वी असंच झालं. चाचा अचानक गेले, उधारी तोंडी, दोघे भाऊ सहा महिने एकमेकांशी बोलेनात. गेल्या महिन्यात आम्ही त्या दुकानात गेलो तर गल्ल्यावर धाकटा होता, समोर जुना कॉम्प्युटर, आणि तो चाचांच्या खिशातल्या डायऱ्यांतली नावं एकेक करून त्यात चढवत होता. करारावर तीन सह्या झाल्यात म्हणाला. तिसरी बहिणीची. चहा सांगितला त्याने, पण वर मान काढली नाही. शेगाव रोडच्या एका गिऱ्हाईकाचं 2019 चं बिल जुळत नव्हतं.