मोल सुवर्णाचे की हातांचे?

नाताळाच्या पर्वावर ख्रिस्ती बांधवांच्या घरी दिवे लागतात, त्या निमित्ताने एका प्राचीन पोथीचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. भरतीच्या वेळी दिवसातून दोनदा त्याची वाट समुद्राखाली जाते. तेथील मठात इ. स. ७०० च्या सुमारास चार शुभवर्तमानांची ही लॅटिन पोथी चर्मपत्रावर सिद्ध झाली.

प्रत्येक शुभवर्तमानाच्या आरंभी ते लिहिणाऱ्या संताचे चित्र आहे. मत्तयासवे पंख असलेला मनुष्य, मार्कासवे सिंह, लूकासवे वासरू आणि योहानासवे गरुड. पहिले तिघे लेखनात गढून गेले आहेत. योहान मात्र लिहिता दिसत नाही, तो थेट आपल्याकडे पाहतो. चित्राशेजारी संपूर्ण पाने एकमेकांत गुंतलेल्या पक्ष्यांच्या व वेलबुट्टीच्या गुंफणीने भरलेली आहेत.

हे वैभव पाहून कोणासही वाटेल की, येथे अपार धन ओतले असावे. वस्तुतः पानांवर सुवर्ण अगदी नाममात्र आहे. निळा रंग दूरदेशीच्या मौल्यवान लाजवर्दाचा असावा, असे अभ्यासक पूर्वी मानीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तो वनस्पतीपासून काढलेल्या निळीचा ठरला.

दहाव्या शतकात आल्ड्रेड नामक धर्मगुरूने लॅटिन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरांत, तत्कालीन इंग्रजीत अर्थ लिहिला. शुभवर्तमानांचे इंग्रजीतील उपलब्ध भाषांतरांत हे सर्वांत जुने होय. पोथी कोणी केली, तेही त्यानेच नोंदविले. बिशप ईडफ्रिथ याने देवासाठी व संत कथबर्टासाठी ती लिहिली, एथिलवाल्डने बांधली आणि बिलफ्रिथ या एकांतवासी साधूने तिचे वेष्टन सोन्यारत्नांनी मढविले.

७९३ साली व्हायकिंगांनी बेटावर हल्ला केला. ८७५ साली कथबर्टाचा देह बरोबर घेऊन भिक्षूंनी बेट सोडले. इतक्या संकटांतून पोथी तरली. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. परंतु बिलफ्रिथाचे रत्नजडित वेष्टन उरलेले नाही. सध्याचे वेष्टन एकोणिसाव्या शतकातील आहे. सोन्यारत्नांची शोभा गेली, निळीची आणि शाईची राहिली.

सणाच्या दिवसांत आपल्या घरांतूनही शोभेवर पुष्कळ द्रव्य खर्च होते. शोभा करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. या पोथीची पानेपाने शोभेनेच नटली आहेत. पण ती एका मनुष्याने पान पान बसून, दृष्टी आणि आयुष्य वेचून उभी केली. अंगणातील रांगोळी, घरी ओवलेला हार, मुलाने सुवाच्य अक्षरांत उतरून काढलेले स्तोत्र यांची जात तीच आहे. देवापुढे काय ठेवावे, असा प्रश्न पडेल तेव्हा सुज्ञ वाचकांनी आधी आपल्या हातांकडे पाहावे आणि मग थैलीकडे.