विश्लेषण : ‘ट्रॅक’साठीच्या स्पोर्ट्स कार स्वस्त होतील, पण धावणार कुठे?

पोर्शेने ‘७१८ केमन’ आणि ‘बॉक्स्टर’ या पेट्रोल मोटारींचे उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. त्याआधी महिनाभर, २२ सप्टेंबरपासून, आपल्याकडे मोठ्या मोटारींवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के कर लागू झाला. ब्रिटनबरोबरचा व्यापार करार जुलै २०२५ मध्ये झाला, तर युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली. गेवराईत बसून वाचताना हे सगळे फार दूरचे वाटेल. पण या मोटारी महाराष्ट्रातल्याच रस्त्यांवर येणार आहेत.

‘ट्रॅक’साठीची आवृत्ती म्हणजे काय?

एखाद्या स्पोर्ट्स कारचे मूळ मॉडेल घ्यायचे, त्यातले वजन काढायचे, ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन बदलायचे आणि हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला चिकटून राहील असे पंख लावायचे. फेरारीची ‘४८८ पिस्ता’, मॅक्लारेनची ‘७६५ एलटी’ आणि पोर्शेची ‘७१८ केमन जीटी४ आरएस’ ही या प्रकारची नावे. इटालियन भाषेत ‘पिस्ता’ म्हणजे ट्रॅकच. सुक्यामेव्याशी त्याचा संबंध नाही.

‘जीटी४ आरएस’चे उदाहरण बोलके आहे. ४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ५०० पीएस ताकद आणि वजन १४१५ किलो. मागच्या बाजूच्या काचांच्या जागी इंजिनाला हवा देणारी तोंडे बसवली आहेत. गाडी साध्या ‘७१८’पेक्षा ३० मिलिमीटर खाली बसते. आपल्याकडचे गतिरोधक डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या ३० मिलिमीटरचा अर्थ कळेल.

इंजिन मधोमध का?

कावडीच्या दोन टोकांना ओझे असेल तर माणसाला गर्रकन वळता येत नाही. तेच ओझे पोटाशी धरले की वळणे सोपे जाते. इंजिन हा गाडीतला सर्वांत जड भाग. तो चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे ठेवला की गाडी वळणावर चटकन दिशा बदलते. मात्र चालकाची चूक झाली तर ती तितक्याच चटकन गिरकीही घेते. मागची सीट नाही, म्हणून दोनच दारे.

महाराष्ट्रात असा प्रयत्न झाला होता का?

झाला होता. दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ कंपनीने ‘अवांती’ ही दोन दारांची, मधोमध इंजिन असलेली मोटार २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये दाखवली. रेनॉचे २ लिटरचे टर्बो इंजिन, सुमारे २५० अश्वशक्ती आणि किंमत ३५ लाखांच्या आसपास. विदेशी स्पोर्ट्स कारच्या तुलनेत हा दाम फारच कमी होता, त्यामुळे कौतुकही भरपूर झाले. पुढे ‘अवांती ३१०’ जाहीर झाली. ताकद ३१० पर्यंत वाढवलेली आणि फक्त ३१ गाड्यांची आवृत्ती. पण ट्रॅकची गाडी नुसती ताकद वाढवून होत नाही. तिथे वेळ वाचतो तो ब्रेक, वजन आणि वळणांवर. ‘३१०’मध्ये भर ताकदीवर आणि दिसण्यावर होता, हे मान्य करायला हवे.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. एकाच इंजिन व चॅसी क्रमांकावर एकापेक्षा अधिक गाड्यांची नोंदणी आणि त्यावर कर्जे, असे आरोप होते. अटक करणाऱ्या पथकाचे प्रमुख सचिन वाझे यांनाच पुढे मार्च २०२१ मध्ये अँटिलिया प्रकरणात अटक झाली. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे इथे लक्षात ठेवावे. सामान्य ग्राहकासाठी धडा मात्र साधा आहे : जुनी गाडी घेताना, मग तो ट्रॅक्टर का असेना, चॅसीवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावा.

आता स्वस्त होणार का?

ब्रिटनच्या करारात मोटारींवरचे आयात शुल्क ठरावीक कोट्याच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत येणार आहे. मॅक्लारेन आणि लोटस या ब्रिटिश कंपन्या. युरोपीय संघाबरोबरही ११० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंतचा असाच मार्ग ठरला आहे. पोर्शे आणि फेरारी त्यात येतात. तरीही या मोटारी कोटीतच राहतील. फरक पडेल तो संख्येत.

मग चालवणार कुठे?

खरा प्रश्न हाच. फॉर्म्युला वन झालेला देशातला एकमेव ट्रॅक ग्रेटर नोएडात आहे, ५.१२५ किलोमीटरचा. जुने ट्रॅक चेन्नई आणि कोइमतूरजवळ. गेवराईवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ पुढे धुळ्यावरून इंदूरला पोहोचतो. तिथून जवळच पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’चा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक आहे, पण तो मुळात वाहनांच्या चाचण्यांसाठी.

म्हणजे उरतो महामार्ग. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर, समृद्धीवर १२०. ताशी २०० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला १०० च्या वेगाच्या चौपट अंतर लागते. गळीत हंगामात गढीच्या साखर कारखान्याच्या परिसरात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. अनेकांना मागे रिफ्लेक्टरही नसतो. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, आडवेही येत नाही. सगळा हिशेब त्यावरच बेतलेला असतो. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ती पोर्शे तर चार दारांची विजेवरची ‘टायकन’ होती, ट्रॅकची आवृत्ती नव्हती.

कायदा काय सांगतो?

परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास एक वर्ष किंवा दहा हजार. काही कोटींच्या गाडीच्या मालकाला हा दंड किती जाणवेल? विम्याचा फटका मात्र जाणवेल. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. म्हणजे रीतसर ट्रॅकवर शर्यतीत उतरून गाडी ठोकली, तरी दुरुस्तीचा खर्च मालकाच्याच खिशातून जातो.